मानसोपचाराकडे वाढता ओढा: अमेरिकेतील रेसिडेन्सी अर्जांचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणाऱ्या तरुणांमध्ये मानसोपचार शाखेची मागणी गेल्या दहा-बारा वर्षांत झपाट्याने वाढली, ही गोष्ट तिथल्या वैद्यकीय वर्तुळात आता कुणालाच नवी राहिलेली नाही. ज्या शाखेतील जागा भरण्यासाठी एके काळी कार्यक्रम-संचालकांना, म्हणजे रुग्णालयांतील प्रशिक्षण-कार्यक्रमांच्या प्रमुखांना, परदेशी पदवीधरांची वाट पाहावी लागे, त्याच शाखेत आज मार्चअखेर रिकामी जागा शोधूनही सापडत नाही. ही वाढ खरी आहे. मात्र ती सांगताना सर्रास वापरला जाणारा आकडा, म्हणजे एकेका कार्यक्रमाकडे आलेल्या अर्जांची संख्या, फार फसवा आहे. हा आकडा तीन वेगवेगळ्या कारणांनी फुगू शकतो: शाखा खरोखर निवडणारे उमेदवार वाढले म्हणून, प्रत्येक उमेदवार पूर्वीपेक्षा अधिक ठिकाणी अर्ज करू लागला म्हणून, किंवा पूर्वी वेगळ्या दाराने आत येणारे उमेदवार आता याच दाराने येऊ लागले म्हणून. मानसोपचाराच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकाच काळात घडली, आणि ती एकमेकांपासून सोडवून पाहिल्याशिवाय या शाखेत नेमके काय चालले आहे, ते कळत नाही.

प्रवेशाची रीत

अमेरिकेतील रेसिडेन्सी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचे एमडी किंवा एमएसचे निवासी प्रशिक्षण. मानसोपचारासाठी ते चार वर्षांचे असते. पहिल्या वर्षात किमान चार महिने प्राथमिक वैद्यकीय सेवेत काढावे लागतात, शिवाय दोन महिने मज्जाविकारशास्त्रासाठी द्यावे लागतात, आणि उरलेला काळ मनोरुग्ण कक्ष, बाह्यरुग्ण विभाग, व्यसनमुक्ती, बालमानसोपचार अशा विभागांत जातो. इथवरचे आपल्याकडच्या निवासी डॉक्टरला ओळखीचे वाटेल. वेगळेपण आहे ते प्रवेशाच्या पद्धतीत.

आपल्याकडे नीट-पीजीचा एक गुणक्रमांक लागतो आणि समुपदेशनाच्या फेऱ्यांमध्ये वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी आधी जागा उचलतो. कोणत्या महाविद्यालयाला कोणता विद्यार्थी हवा आहे, हा प्रश्न या पद्धतीत कुणी विचारतच नाही. अमेरिकेत तो विचारला जातो. उमेदवार सप्टेंबरमध्ये एका सामायिक संगणकीय सेवेमार्फत आपला अर्ज, परीक्षांचे निकाल, शिफारसपत्रे आणि ही शाखा का निवडली याचे निवेदन हव्या तितक्या कार्यक्रमांना पाठवतो. कार्यक्रम ते वाचून साधारणपणे जानेवारीपर्यंत निवडक जणांच्या मुलाखती घेतात. त्यानंतर उमेदवार आपल्या पसंतीचे कार्यक्रम आणि कार्यक्रम आपल्या पसंतीचे उमेदवार क्रमाने लिहून देतात, आणि नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम ही संस्था संगणकाच्या साहाय्याने दोन्ही याद्या जुळवते. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. त्या दिवसाला मॅच डे म्हणतात.

ही जुळवणी १९५२ पासून चालू आहे. तिच्यामागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे मांडले, आणि आज वापरात असलेली सुधारित रीत ॲल्विन रॉथ व इलियट पेरॅन्सन यांनी तयार केली. ती १९९८ च्या मॅचपासून लागू झाली. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे काम होते. रीत सांगायला सोपी आहे. संगणक उमेदवाराला त्याच्या पहिल्या पसंतीच्या कार्यक्रमात बसवून पाहतो. कार्यक्रमाने त्याला यादीत घेतले असेल आणि जागा शिल्लक असेल, तर तो तात्पुरता तिथे बसतो. पुढे त्याच कार्यक्रमाला अधिक पसंत असलेला कुणी आला, तर आधीचा उमेदवार उठतो आणि त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे जातो. कुणीच हलेनासे झाले की निकाल पक्का होतो. या रीतीत उमेदवाराने आपली खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिण्यातच त्याचे हित असते. मिळण्याची शक्यता अधिक म्हणून दुय्यम कार्यक्रम वर लिहिल्याने काहीही पदरात पडत नाही.

पण या सुंदर गणिताची एक मर्यादा आहे, आणि अर्जांचा सगळा गोंधळ त्या मर्यादेतून निघतो. ज्या कार्यक्रमाने मुलाखतीलाच बोलावले नाही, त्याचे नाव उमेदवाराने यादीत लिहून उपयोग नाही, कारण त्या कार्यक्रमाच्या यादीत उमेदवाराचे नाव असणार नाही. म्हणजे मार्चमधली जुळवणी कितीही न्याय्य असली, तरी खरी लढत त्याच्या कित्येक महिने आधी, मुलाखतीचे आमंत्रण मिळवण्याच्या टप्प्यावर झालेली असते, आणि त्या टप्प्याला कोणतेही गणित नियंत्रित करत नाही. आमंत्रणे मिळण्याची शक्यता वाढवायची तर अधिक ठिकाणी अर्ज करायचा, हे प्रत्येक उमेदवाराला सुचते.

एकाचे शहाणपण, सगळ्यांची कोंडी

समजा, दहा कार्यक्रम आहेत, प्रत्येकात दहा जागा आहेत आणि एकूण उमेदवार १२० आहेत. प्रत्येक उमेदवाराने पाच ठिकाणी अर्ज केला, तर एकूण ६०० अर्ज होतील आणि एकेका कार्यक्रमाकडे सरासरी ६० येतील. पुढच्या वर्षी घाबरून प्रत्येकाने दहाही ठिकाणी अर्ज केला, तर एकेका कार्यक्रमाकडे १२० अर्ज पोहोचतील. कार्यक्रम-संचालक सांगतील की यंदा आमच्याकडे दुप्पट अर्ज आले, चुरस दुप्पट झाली. प्रत्यक्षात जागा शंभरच राहिल्या, उमेदवार १२० च राहिले आणि वीस जणांना जागा मिळणार नाही, हेही तसेच राहिले. बदलले ते एवढेच की प्रत्येक संचालकाला दुप्पट अर्ज वाचावे लागले आणि प्रत्येक उमेदवाराने दुप्पट पैसे भरले.

वाचणारी माणसे वाढलेली नसतात, त्यामुळे प्रत्येक अर्जाच्या वाट्याला येणारा वेळ निम्मा होतो. मग संचालक चाळण्या लावतात: परीक्षेचे अमुक गुण, पदवी घेऊन झालेली अमुक वर्षे, व्हिसाची गरज आहे की नाही. या चाळण्यांत चांगले उमेदवारही गळतात, ती बातमी पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचते आणि ती तुकडी आणखी अधिक ठिकाणी अर्ज करते. एकट्या उमेदवाराच्या दृष्टीने यात अविचार काहीच नाही. सगळ्यांनी मिळून कमी अर्ज करायचे ठरवले तर सगळ्यांचाच फायदा आहे. पण दुसऱ्याने तसे केले नाही तर मी एकटाच मागे पडेन, ही भीती रास्त आहे.

अर्जांचे शुल्क या चक्राला लगाम घालेल, अशी एक समजूत होती. २०२५ च्या हंगामासाठी एका शाखेतील पहिल्या ३० कार्यक्रमांपर्यंत प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी ३० डॉलर असा दर होता. म्हणजे तीस ठिकाणी अर्ज करायला ३३० डॉलर, तर ऐंशी ठिकाणी करायला १,८३० डॉलर. साधारण दोन लाख डॉलरचे शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्याला एवढ्या रकमेने थांबवणे अवघड आहे. नागपूर किंवा कोल्हापूरहून रुपयांत हिशेब करणाऱ्याला मात्र ती रक्कम नक्कीच जाणवते. शुल्काचा लगाम असा ज्याच्या खिशात कमी आहे त्यालाच आधी लागतो, हा त्यातला दोष मला गंभीर वाटतो.

जागांचा आकडा

आता खऱ्या वाढीकडे वळू. २०१२ च्या मॅचमध्ये मानसोपचाराच्या पहिल्या वर्षाच्या १,११७ जागा होत्या. २०२४ मध्ये त्या २,२६१ झाल्या. बारा वर्षांत जागा दुप्पट झाल्या, आणि तरीही त्या जवळपास सगळ्या भरल्या. जागा वाढवूनही रिकाम्या राहत नाहीत, हा मागणी वाढल्याचा अर्जांच्या संख्येपेक्षा कितीतरी भरवशाचा पुरावा आहे.

याही आकड्यात थोडी भेसळ आहे. २०१२ ते २०१३ या एकाच वर्षात जागा १,११७ वरून १,२९७ वर गेल्या. त्या वर्षी एक नवा नियम आला: जो कार्यक्रम मॅचमध्ये भाग घेईल, त्याने आपल्या सगळ्या जागा मॅचमध्येच ठेवल्या पाहिजेत. त्याआधी अनेक कार्यक्रम काही जागा बाहेरच्या बाहेर, बहुतेकदा परदेशी पदवीधरांना, थेट करार करून देत असत. त्या वर्षाच्या उडीतला मोठा भाग अशा आधीच अस्तित्वात असलेल्या जागांचा होता. दुसरा बदल ऑस्टिओपॅथिक पदवीधरांचा. अमेरिकेत एमडीप्रमाणेच डीओ ही पदवी घेऊनही पूर्ण डॉक्टर होता येते, पण त्यांचे प्रशिक्षण-कार्यक्रम आणि त्यांची जुळवणी वेगळी असे. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही व्यवस्थांचे मान्यता-नियम एकत्र आणले गेले आणि सगळे एकाच मॅचमध्ये आले. आज मानसोपचाराच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या जागा डीओ पदवीधरांकडे जातात. सुरुवातीला सांगितलेले तिसरे कारण ते हेच.

ही भेसळ वजा केली तरी उरते ते पुष्कळ आहे. २०१२ मध्ये अमेरिकी एमडी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम चार टक्के मानसोपचारात गेले होते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण सहा टक्क्यांच्या वर गेले आहे. शेकड्यातली दोन-अडीच माणसे म्हणजे फार नव्हे, असे कुणाला वाटेल. परंतु शाखांच्या निवडीचे प्रमाण एरवी अतिशय सावकाश हलते, आणि इतक्या थोड्या वर्षांत कोणत्याही शाखेचा वाटा दीडपट होणे ही दुर्मीळ घटना आहे. उलट दिशेचे उदाहरण आपत्कालीन वैद्यकाचे आहे: २०२१ च्या मॅचमध्ये त्या शाखेच्या फक्त १४ जागा रिकाम्या राहिल्या होत्या, २०२२ मध्ये २१९ आणि २०२३ मध्ये ५५४. शाखेचे नशीब फिरते तेव्हा ते असे फिरते.

या नव्या जागा आल्या कुठून, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते, आणि १९९७ च्या एका कायद्याने त्या अनुदानित जागांवर रुग्णालयनिहाय मर्यादा घातली होती. ती मर्यादा बहुतांशी अजून तशीच आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पी कायद्याने सगळ्या शाखांसाठी मिळून एक हजार जागा टप्प्याटप्प्याने मंजूर केल्या, आणि त्यापुढच्या, २०२३ च्या कायद्याने आणखी दोनशे दिल्या, ज्यांपैकी निम्म्या तरी मानसोपचार व तिच्या उपशाखांसाठी राखल्या. संसदेने एका शाखेचे नाव घेऊन जागा राखाव्यात, यावरून तुटवड्याची जाणीव किती वर पोहोचली होती, ते दिसते. तरी शाखेची बरीचशी वाढ या राखीव जागांच्या आधीच झाली होती; ती नव्याने प्रशिक्षण सुरू करणाऱ्या रुग्णालयांतून, राज्यांच्या निधीतून आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आली. मानसोपचाराला शल्यगृह लागत नाही, महागडी उपकरणे फारशी लागत नाहीत, त्यामुळे मध्यम आकाराच्या रुग्णालयालाही हे प्रशिक्षण सुरू करणे तुलनेने झेपते.

लोक का वळले

याचे सगळ्यांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे सुखाची नोकरी. रात्रपाळ्या कमी, शस्त्रक्रियेचा ताण नाही, कामाच्या वेळा ठरलेल्या. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कारण १९९० च्या दशकातही मानसोपचाराच्या वेळा शल्यविशारदाच्या वेळांपेक्षा सुसह्यच होत्या, आणि त्याच दशकात अमेरिकी पदवीधरांनी या शाखेकडे सर्वाधिक पाठ फिरवली होती. तेव्हा तिला निवडणाऱ्यांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर घुटमळत होते. जे कारण दोन्ही काळांत सारखेच हजर होते, ते एकटे हा बदल समजावू शकत नाही.

त्याआधीचा इतिहास पाहिला तर चित्र अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धात मानसिक आघाताने निकामी झालेल्या सैनिकांची संख्या पाहून अमेरिकी सरकार हादरले, १९४६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा झाला, १९४९ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा वाहू लागला. मनोविश्लेषणाचा तो सुवर्णकाळ होता आणि शाखेला बौद्धिक प्रतिष्ठा होती. पुढे ती प्रतिष्ठा ओसरली. विमा कंपन्यांनी खर्चावर कठोर नियंत्रण आणले, तेव्हा सर्वात आधी कात्री लागली ती दीर्घकाळ चालणाऱ्या मानसोपचारालाच. शरीराच्या आजारासाठी एक नियम आणि मनाच्या आजारासाठी दुसरा, असा भेद विम्याच्या कागदोपत्री उघडपणे होता.

बदलले ते इथे. २००८ च्या समानता कायद्याने, मोठ्या कंपन्यांच्या गटविम्यात मानसिक आजार व व्यसनमुक्ती यांवरचे निर्बंध शारीरिक आजारांपेक्षा कडक ठेवायला मनाई केली. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या विम्यात मानसिक उपचारांचा समावेश अनिवार्य सेवांमध्ये केला. पैसे देणारा मिळाल्यावर नोकऱ्या वाढल्या, पगार वाढले. उपचारांतही हालचाल झाली: चुंबकीय लहरींनी मेंदूला उद्दीपन देणाऱ्या यंत्राला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि नाकातून देण्याच्या एस्केटामिनला २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिली, आणि मेंदूविज्ञानाकडे कल असलेल्या विद्यार्थ्याला या शाखेत हातांनी करण्यासारखे काहीतरी दिसू लागले. मग २०२० ची साथ आली. दूरस्थ उपचारांवरचे निर्बंध, अगदी नियंत्रित औषधे लिहून देण्याआधी प्रत्यक्ष भेटीची अटसुद्धा, सैल झाले. रुग्णाला हात न लावता ज्याचे बरेचसे काम होऊ शकते असा डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञच. त्यामुळे ही सवलत या शाखेला जितकी लाभली तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाला लाभली असेल.

आणि लाज कमी झाली, हेही खरे. आजचा अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थी स्वतःच्या चिंताविकाराबद्दल किंवा मित्राच्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल वर्गात बोलू शकतो; त्याच्या प्राध्यापकांच्या पिढीला ते जमत नव्हते. मानसोपचार म्हणजे खरी वैद्यकी नव्हे, असे शेरे शल्यविभागात अजून ऐकू येतात म्हणतात, पण त्या शेऱ्यांनी निर्णय बदलणारे कमी झाले आहेत. माझ्या मते पैशाचा आणि लाजेचा अडसर एकाच काळात हटला, म्हणून हा बदल इतका ठळक दिसतो. सुसह्य वेळापत्रकाचे मोल त्यानंतर उमेदवारांच्या लक्षात येऊ लागले.

संकेतांचा उपाय

अर्जांच्या पुरावर गेल्या काही वर्षांत एक उपाय योजला गेला. त्याला प्राधान्य-संकेत म्हणता येईल. उमेदवार त्याला सरळ सिग्नल म्हणतात. प्रत्येक उमेदवाराला मोजके संकेत दिले जातात आणि ते त्याने ज्या कार्यक्रमांत त्याला मनापासून रस आहे त्यांनाच पाठवायचे असतात. अर्ज हवे तितके करता येतात, पण संकेत तेवढेच. कान-नाक-घसा शाखेने याची सुरुवात २०२१ च्या मॅचसाठी केली. मानसोपचाराने २०२३ च्या मॅचपासून आधी पाच संकेत दिले आणि पुढे ती संख्या दहावर नेली. विशेष म्हणजे ही कल्पना अर्थशास्त्रज्ञांनी आधी स्वतःवर वापरून पाहिली होती: अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून नोकरी शोधणाऱ्या नव्या पीएचडीधारकांना दोन-दोन संकेत द्यायला सुरुवात केली, आणि त्या कामातही ॲल्विन रॉथच पुढे होते.

संकेताला किंमत येते ती त्याच्या दुर्मीळपणामुळे. ऐंशी ठिकाणी पाठवलेला अर्ज संचालकाला काहीच सांगत नाही. दहांपैकी एक संकेत मात्र सांगतो की हा उमेदवार बोलावल्यास येईल आणि आम्हाला यादीत वर ठेवेल. साहजिकच संचालक मुलाखतीची आमंत्रणे देताना संकेत देणाऱ्यांकडे आधी पाहतात. संख्या मात्र नाजूक असते. संकेत कमी असतील तर ते खास आवडीची खूण ठरतात, पण संकेत नसलेल्यालाही संधी उरते. अस्थिरोग शाखेने एकदम तीस संकेत दिले. इतके असले की ते आवडीची खूण न राहता अर्जांची अघोषित मर्यादाच बनतात, कारण संकेताशिवायचा अर्ज कुणी उघडूनही पाहत नाही. मानसोपचाराचे दहा या दोहोंच्या मधले आहेत, आणि माझा कल असा की पाचांपेक्षा दहा बरे: पाचांत उमेदवाराला आवडीच्या जागेचा आणि मिळण्याजोग्या जागेचा मेळ घालताच येत नव्हता.

आणखी दोन बदल याच काळातले आहेत. २०२० पासून मुलाखती दूरदृश्य माध्यमाने होऊ लागल्या आणि मानसोपचारात त्या बहुतांशी तशाच राहिल्या. विमानाचा आणि हॉटेलचा खर्च वाचला, पण त्या खर्चामुळे जो उमेदवार आठ-दहा मुलाखतींवर थांबत असे, तो आता पंधराही देऊ शकतो, आणि त्याच्या नावावर अडकलेले आमंत्रण दुसऱ्याला मिळत नाही. दुसरा बदल परीक्षेचा. अमेरिकेत डॉक्टरीचा परवाना मिळवण्यासाठी स्टेप वन, टू आणि थ्री अशा टप्प्यांनी परीक्षा द्याव्या लागतात. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचे गुण देणे बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. उद्देश चांगला होता. परिणाम असा झाला की चाळणी स्टेप टूच्या गुणांवर सरकली, आणि संचालकांकडे वाचायला उरले ते निवेदन, शिफारसपत्रे आणि संकेत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

मागणी वाढल्याची खरी किंमत कुणी मोजली, असे विचारले तर उत्तर आहे: परदेशी पदवीधरांनी. मानसोपचार ही अनेक दशके आयएमजींसाठी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी, तुलनेने उघडी शाखा होती. अमेरिकेत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांपैकी साधारण तीस टक्के बाहेर शिकलेले आहेत, त्याचे कारण हेच. आता नव्या जागांमधला त्यांचा वाटा पूर्वीच्या सुमारे एक-तृतीयांशावरून पाचात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आला आहे. जागा दुप्पट होऊनही हे घडले, कारण वाढलेल्या जागा अमेरिकी एमडी आणि डीओ पदवीधरांनी व्यापल्या. सगळ्या शाखा मिळून पाहिले तर २०२४ मध्ये अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांना जागा मिळाली. अमेरिकी नागरिक नसलेल्या आयएमजींमध्ये ते प्रमाण ५८-५९ टक्के होते. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरचा 'सायक सोपे पडते' हा सल्ला म्हणूनच आज घातक आहे.

आपल्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे. एमबीबीएसमध्ये मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो आणि इंटर्नशिपमधली नेमणूक जेमतेम दोन आठवड्यांची असते. अमेरिकी संचालक मात्र पहिला प्रश्न विचारतो तो हाच: हीच शाखा का? दोन-तीन महिने अमेरिकेत ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे रुग्णालयात राहून नुसते निरीक्षण, केली आणि तिथली पत्रे आणली, तर त्याचे उत्तर अर्धेच मिळते. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सलगपणे केलेले काम उमेदवाराच्या अर्जात जितके वजन आणू शकते, तितके ते आणले जाताना दिसत नाही, कारण विद्यार्थ्यांना वाटते की अमेरिकेबाहेरचा अनुभव कुणी मोजत नाही. रुग्ण तपासणी म्हणजेच संभाषण असलेल्या या शाखेत भाषेचा कसही लागतो. २०२१ मध्ये स्टेप टू सीएस ही प्रत्यक्ष रुग्णसंवादाची परीक्षा बंद झाल्यावर परदेशी पदवीधरांसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा अनिवार्य झाली आहे, पण तीत उत्तीर्ण होणे आणि रडणाऱ्या माणसाशी परक्या भाषेत नीट बोलता येणे यांत बरेच अंतर आहे.

व्हिसाचा प्रश्न शाखेच्या निवडीइतकाच आधी सोडवावा लागतो. बहुतेकजण जे-वन व्हिसावर जातात. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती अट माफ करून घेण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे कॉनरॅड योजना: प्रत्येक राज्याला वर्षाला तीस डॉक्टरांची शिफारस करता येते आणि त्या डॉक्टरने तीन वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचे असते. एच-वन-बी व्हिसाला ही अट नाही, पण त्यासाठी स्टेप थ्री आधीच उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून रुग्णालये तो मार्ग धरायला अधिकच कचरतात. संकेत मोजकेच असल्यामुळे जो कार्यक्रम व्हिसा देतच नाही त्याच्यावर एकही खर्च होणार नाही, हे अर्ज करण्याआधी एकेका कार्यक्रमाचे नियम वाचून ठरवावे. मोठ्या शहरांतील नामांकित विद्यापीठांपेक्षा लहान शहरांतील सामुदायिक रुग्णालये अजूनही आयएमजींना अधिक संख्येने घेतात.

रुग्णापर्यंत काय पोहोचते

इतके डॉक्टर तयार होऊ लागले म्हणजे अमेरिकेतील तुटवडा संपेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. पण तिथल्या निम्म्याहून अधिक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांमध्ये, एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आज काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पंचावन्नच्या पुढचे आहेत. नव्यांचा मोठा भाग निवृत्त होणाऱ्यांची जागा भरण्यातच खर्ची पडेल. शिवाय अनेक मानसोपचारतज्ज्ञ विमा स्वीकारतच नाहीत. २००९-१० मध्ये रुग्णांचा खासगी विमा स्वीकारणारे त्यांच्यात सुमारे ५५ टक्के होते, तर इतर शाखांत सुमारे ८९ टक्के.

सगळ्यात बोलका आकडा उपशाखांचा आहे. रेसिडेन्सीत जागा मिळवण्यासाठी धडपडणारे हेच उमेदवार चार वर्षांनी फेलोशिपच्या, म्हणजे उपशाखेतील पुढच्या प्रशिक्षणाच्या, दाराशी येऊन परत फिरतात. बालमानसोपचारासाठी दोन वर्षांची फेलोशिप असते, आणि ती तिसऱ्या वर्षानंतर लगेच सुरू करून एक वर्ष वाचवता येते, म्हणून तिथे निदान बऱ्यापैकी भरणा होतो. वृद्धांच्या मानसोपचाराची फेलोशिप अवघ्या एका वर्षाची आहे, तरी तिच्या जागा वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात. त्यामागचा हिशेब साधा आहे. चौथे वर्ष संपताच पूर्ण पगाराची नोकरी तयार असते, त्या नोकरीत वृद्ध रुग्णांवर उपचार करायला फेलोशिपची सक्ती नसते, आणि वृद्धांचे बिल मेडिकेअर भरते, जिचे दर खासगी विम्यापेक्षा कमी असतात. डोक्यावर दोन लाख डॉलरचे कर्ज असताना निवासी डॉक्टरच्या पगारावर आणखी एक वर्ष काढून पुढे तेवढेच, किंवा कमी, कमवायचे, याला फार थोडे तयार होतात.